मागच्या सस्पेन्शनला स्टेनलेसचे बोल्ट लावू नका

काल रात्री भाच्याने एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, "मावशी, शनिवारी हेच करतोय. बोल्ट मागवलेत." हाच व्हिडिओ गेल्या महिन्यात मला आणखी तिघांनी पाठवला होता आणि मी तो सोडून दिला होता. आता गाडी घरातल्या पोराची आहे. पंचवीस वर्षांची, दोन सीटची, मागच्या चाकांवर चालणारी.

व्हिडिओतला माणूस सांगतो ते असं. जुन्या स्पोर्ट्स कारच्या मागच्या सस्पेन्शनचे बोल्ट तुटतात ते फक्त गंजामुळे. म्हणून सगळे काढून स्टेनलेसचे घाला. आट्यांना भरपूर ग्रीस लावा, गाडी जॅकवर असतानाच पान्याला पाइप अडकवून जीव खाऊन आवळा आणि विसरून जा. बोल्ट जायला आलाच तर आधी आवाज येतो, घाबरू नका.

स्टेनलेसपासून सुरू करते, कारण सगळ्यात घातक सल्ला तोच आहे. सस्पेन्शनच्या बोल्टच्या डोक्यावर बहुतेक वेळा १०.९ असा आकडा असतो. पहिल्या आकड्याला शंभरने गुणा. साधारण १००० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताणाला तो तुटतो. दुसरा आकडा सांगतो की त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ९०० पर्यंत, तो ताणला तरी सोडल्यावर मूळ लांबीवर येतो. दुकानात सहज मिळणाऱ्या स्टेनलेस बोल्टवर ए२-७० लिहिलेलं असतं. तो ७०० ला तुटतो आणि ४५० च्या आसपासच कायमचा लांबायला लागतो. म्हणजे हा माणूस निम्म्या ताकदीचा बोल्ट लावायला सांगतोय, आणि तो चकचकीत दिसतो म्हणून लोक ऐकतायत.

निम्म्या ताकदीने काय बिघडतं? बोल्ट म्हणजे आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा हात, अडकवून ठेवायची खुंटी, असा समज आहे. तो चुकीचा आहे. बोल्ट आवळला की तो स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने सांगाड्यावरच्या ब्रॅकेटचे दोन कान आर्मच्या टोकातल्या रबरी बुशच्या आतल्या नळीला दोन्हीकडून दाबून धरतात. चाकाचं बळ पेलतं ते या दाबातून आलेलं घर्षण. दाब पुरेसा असेल तर नळी जागची हलत नाही आणि बोल्टला वाकावं लागत नाही. दाब कमी पडला की प्रत्येक वळणावर नळी केसभर सरकते. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रयोग करून दाखवलं की जोड असा आडवा सरकायला लागला की नट आपोआप फिरून सुटत जातो, आधी कितीही आवळलेला असला तरी. ताण आणखी उतरतो, सरकणं वाढतं आणि बोल्ट पुढे-मागे वाकत राहतो. बहुतेक बोल्ट इथेच मरतात. त्यात गंज असतोच असं नाही.

असा एक तुटका बोल्ट आत्ता माझ्या टेबलावर आहे, दुसऱ्या एका गाडीच्या मागच्या खालच्या आर्ममधला. तुटलेल्या तोंडाचा दोन तृतीयांश भाग गुळगुळीत, काळपट आहे आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा कमानीच्या रेघा आहेत. उरलेला तुकडा खडबडीत, राखाडी, चमकणारा. रेघांचा भाग म्हणजे हळूहळू पुढे सरकलेली चीर. खडबडीत भाग शेवटच्या क्षणी तुटला. बोल्टच्या दांड्यावर नळी घासून पॉलिश झालेला पट्टा आहे, म्हणजे जोड कितीतरी दिवस सैल होता. गाडीच्या मालकाने आधी काहीही ऐकलं नव्हतं.

म्हणून तो "आवाज येतो" वाला मुद्दा मला सहन होत नाही. कधी खटखट येते, कधी काहीच येत नाही. मागच्या चाकाची दिशा धरणाऱ्या रॉडचा बोल्ट वळणात गेला तर ते चाक स्वतःच्या मनाने बाहेर वळतं. पुढे स्टिअरिंग कितीही फिरवा, मागचा भाग तुमच्या हातात राहत नाही. हे समजायला चालकाला एक सेकंदही मिळत नाही.

ग्रीस आणि पाइप. आवळताना लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणायला जातो, बाकी घर्षण खातं. आट्यांना ग्रीस लावलं की तेवढ्याच जोरात ताण खूप वाढतो. वर पाइप लावला तर बोल्ट पहिल्याच दिवशी कायमचा लांबेल. टॉर्कचा, म्हणजे किती जोराने आवळायचं त्याचा, आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या, हे मॅन्युअलमध्ये बघा आणि तो जोर मोजणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, वापरा. चाक लोंबकळत असताना रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळू नयेत, हेही तिथेच सापडेल. गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि फाटतं.

काही जण स्टेनलेसऐवजी १२.९ चा बोल्ट सुचवतात. तो जास्त कठीण असतो, पण गंज आणि पोलादात शिरलेल्या हायड्रोजनमुळे अचानक तडकण्याचा धोकाही त्यालाच जास्त. कंपनीने १०.९ दिला असेल तर १०.९ च घाला.

गंजाबद्दल तो माणूस अर्धा खरा आहे, हे मान्य करावं लागेल. गंजाने पडलेल्या खड्ड्यातून चीर सुरू होऊ शकते. लांब बोल्ट बुशच्या नळीत जाम होतात आणि कापूनच काढावे लागतात. जुन्या माझदा एमएक्स-५ वर काम केलेल्या कुणालाही विचारा. पण त्यावर उपाय म्हणजे त्याच दर्जाचा, त्याच लांबीचा, कोटिंग असलेला नवा बोल्ट आणि नवा नट.

भाच्याला सकाळी फोन केला. ते बोल्ट परत कर, म्हटलं. कंपनीच्या पार्ट नंबरचे मागव. यायला आठ दिवस लागले तर आठ दिवस गाडी उभी राहू दे. टॉर्क रेंच घेऊन मी येते. जुना प्रत्येक बोल्ट काढला की आधी माझ्या हातात दे, दांडा कुठे घासलाय ते मला बघायचंय.