तिरफळाची चिनी बहीण

चिनी जेवणावरच्या तुमच्या लेखात ‘चिनी जेवण म्हणजे सगळं झणझणीत आणि सॉसमध्ये बुडालेलं’ असं वाक्य आहे, ते अजिबात पटलं नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षं दक्षिण चीनमधल्या ग्वांगझूला होतो. तिथल्या घरांत तिखट जवळजवळ नसतंच. शेजारच्या आजी ताजा अख्खा मासा आल्याच्या चकत्यांवर ठेवून मोठ्या आचेवर सात-आठ मिनिटं वाफवायच्या. ताटलीत सुटलेलं पाणी ओतून टाकायचं, वर पातीचा कांदा आणि आलं केसासारखं बारीक चिरून पसरायचं आणि धूर येईपर्यंत तापवलेलं तेल त्यावर ओतायचं. चर्रर्र आवाज झाला की शेवटी थोडा सोया सॉस. बस्स! मासा ताजा नसेल तर हा पदार्थ करायचाच नाही, हे त्यांचं ठाम मत.

झणझणीत खातात ते सिचुआन, हुनान या प्रांतांकडे. त्यातही सिचुआनचं ‘माला’ म्हणजे नुसतं तिखट नव्हे. ‘ला’ म्हणजे तिखट, ‘मा’ म्हणजे जिभेला येणाऱ्या झिणझिण्या, आणि त्या येतात ह्वाजियाओ नावाच्या मसाल्यामुळे. हे आपल्या तिरफळाच्याच कुळातलं झाड! त्याचंही बी काढून टाकतात, टरफल तेवढं वापरतात. बांगड्याच्या तिरफळं घातलेल्या आमटीवर वाढलेल्या माणसाला मापो तोफूचा (सिचुआनच्या झणझणीत टोफूचा) पहिला घास मुळीच परका वाटत नाही. मिरची मात्र त्यांच्याकडेही आपल्यासारखीच अमेरिका खंडातून आलेली.

उत्तरेकडच्या गव्हाच्या जेवणावर, हाताने ओढलेल्या नूडल्स आणि मांथौ या वाफवलेल्या पावांवर, कृपया वेगळा लेख लिहा.