चोरी झाली खरी, पण पकडलाय भलताच

व्हॉट्सॲपवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच: ‘हाउंड डॉग’ हे बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेचं गाणं एल्विस प्रेस्लीने चोरलं. मूळ गाणं कुणी ऐकलंही नव्हतं. त्या काळात काळ्यांचं कुठलंच गाणं गोऱ्याने गायल्याशिवाय चालत नसे. गोऱ्यांच्या नकलांमुळेच ते कलाकार कंगाल राहिले. पुढे मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी आली, सोल संगीत जन्मलं आणि तेव्हा कुठे त्यांना स्वतःचा आवाज मिळाला.

लिहिणाऱ्याची नियत चांगली आहे, आणि अन्याय झाला हेही खरंच. पण ज्यांची बाजू घ्यायला हा मजकूर निघालाय त्यांचंच यश तो पुसून टाकतो, आणि ज्यांनी पैसे खाल्ले त्यांचं नावही घेत नाही. म्हणून एकेक वाक्य धरून बोलतो.

‘मूळ गाणं कुणी ऐकलंही नव्हतं.’ सगळ्यात सोपं खोटं हे. थॉर्नटनबाईंची तबकडी १९५३ साली ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या रिदम अँड ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या पसंतीच्या गाण्यांच्या यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. गाणं इतकं गाजलं की मेम्फिसच्या रूफस थॉमसने त्याला पुरुषाच्या बाजूने सवाल-जवाबासारखं उत्तर दिलं, ‘बेअर कॅट’. तेही गाजलं, आणि चाल उचलली म्हणून थॉर्नटनच्या कंपनीने दावा ठोकून तो जिंकलाही. न ऐकलेल्या गाण्याला कुणी जवाब देत नाही, आणि त्यावरून कोर्टातही जात नाही. गंमत म्हणजे हा जवाब छापला सॅम फिलिप्सच्या ‘सन’ कंपनीने. कंपनीचं हे पहिलं हिट. एल्विस त्याच दारातून गायक म्हणून आत आला तो पुढच्या वर्षी.

आणि हे एकटंदुकटं उदाहरण नाही. बिलबोर्ड १९४२ पासून कृष्णवर्णीय ग्राहकांच्या पसंतीची वेगळी यादी छापत होतं. आधी तिचं नाव ‘हार्लेम हिट परेड’ होतं, मग ‘रेस रेकॉर्ड्स’ झालं. १९४९ मध्ये तिथल्याच जेरी वेक्सलर नावाच्या बातमीदाराच्या सूचनेवरून ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव आलं. मेम्फिसचं ‘डब्ल्यूडीआयए’ हे रेडिओ केंद्र १९४८ च्या अखेरीस कृष्णवर्णीय श्रोत्यांकडे वळलं आणि लवकरच पूर्णपणे त्यांचंच झालं. मालक गोरे, पण माइकसमोर नॅट विल्यम्स, रूफस थॉमस, तरुण बी. बी. किंग. रूथ ब्राउनचं ‘टिअरड्रॉप्स फ्रॉम माय आइज’ १९५० मध्ये अकरा आठवडे पहिलं होतं. २१ मार्च १९५२ ला क्लीव्हलंडच्या सभागृहात रेडिओ निवेदक ॲलन फ्रीडने नाच-गाण्याचा कार्यक्रम ठेवला. जागा दहाएक हजारांची, लोक आले त्याच्या जवळपास दुप्पट, आणि कार्यक्रम मध्येच बंद करावा लागला. ही गर्दी बहुतांश कृष्णवर्णीयांची होती. एल्विस तेव्हा शाळेत होता.

‘कुणी ऐकलंही नव्हतं’ याचा खरा अर्थ ‘गोऱ्यांनी फारसं ऐकलं नव्हतं’ एवढाच. मग हे बाकीचे लाखो लोक कुणीच नव्हते का?

आता मुख्य आरोप, ‘एल्विसने चोरलं.’ या गाण्याचा प्रवास मोठा मजेदार आहे, म्हणून जरा सविस्तर.

१३ ऑगस्ट १९५२. लॉस एंजेलिसचा एक स्टुडिओ. गायिका अलाबामाची, आवाज खणखणीत. ध्वनिमुद्रण सांभाळणारा आणि ढोल वाजवणारा जॉनी ओटिस: जन्माने ग्रीक, पण आयुष्य सगळं कृष्णवर्णीय वस्तीत आणि त्यांच्याच संगीतात काढलेलं. गाणं लिहिणारे जेरी लीबर आणि माइक स्टोलर, दोघेही ज्यू, गोरे, वय वर्षं १९. म्हणजे ‘काळ्या बाईने रचलेलं गाणं गोऱ्या पोराने पळवलं’ ही गोष्ट इथेच लंगडी पडते. गाणं त्या बाईंसाठी बेतलं होतं. त्यातला ‘हाउंड डॉग’ म्हणजे कुत्रा नव्हे, तर आयत्या बिळावरचा नागोबा, बायकांच्या जिवावर जगणारा पुरुष; त्याला त्या घराबाहेर काढतात. त्या गाण्यात त्यांनी जीव ओतला, हेही तितकंच खरं. मूळ तबकडी लावली की पहिल्या ओळीतच कळतं, दारात उभ्या असलेल्या माणसाची आता खैर नाही.

पण एल्विसने ही तबकडी ऐकून गाणं उचललं असंही नाही. १९५६ च्या वसंतात लास व्हेगासमध्ये त्याने फ्रेडी बेल अँड द बेलबॉइज या गोऱ्या मंडळींचा कार्यक्रम पाहिला. त्यांनी गाण्याचं विडंबन केलं होतं, शब्द बदलून त्यातला पुरुष घालवला होता आणि खरोखरचा कुत्रा आणला होता, ससा न पकडणारा. एल्विसने उचललं ते हे विडंबन. २ जुलै १९५६ ला न्यूयॉर्कमध्ये तीसएक वेळा गाऊन त्याने ते मुद्रित केलं. लीबरला हे बदललेले शब्द अजिबात रुचले नव्हते, ससा कुठून आला हेच त्याला कळेना. स्टोलरची कथा आणखी नाट्यमय. तो त्याच महिन्यात युरोपातून परतताना ‘आंद्रेया डोरिया’ या जहाजावर होता. जहाज बुडालं, तो वाचला. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर लीबर घ्यायला आला आणि म्हणाला, आपलं गाणं हिट झालंय, कुणा एल्विस प्रेस्ली नावाच्या गोऱ्या पोराने गायलंय.

एल्विसच्या तबकडीवर गीतकार म्हणून लीबर आणि स्टोलर यांचंच नाव होतं. दुसऱ्या बाजूला ‘डोंट बी क्रूअल’ होतं, ते ओटिस ब्लॅकवेल या कृष्णवर्णीय गीतकाराचं. तिथे मात्र एल्विसचं नाव सहगीतकार म्हणून चिकटलं आणि कमाईत वाटा गेला. चोरीच म्हणायची असेल तर बोट त्या बाजूवर ठेवा. पण मजकुरात तिचा पत्ताच नाही. ही तबकडी पॉप आणि कंट्री याद्यांबरोबर रिदम अँड ब्लूज यादीतही पहिली आली. म्हणजे ती कृष्णवर्णीय ग्राहकांनीही घेतली होती. आणि खुद्द एल्विस १९५७ मध्ये ‘जेट’ या कृष्णवर्णीय वाचकांच्या साप्ताहिकाला काय म्हणाला? हे संगीत माझ्या कितीतरी आधीपासून आहे, आणि फॅट्स डॉमिनोसारखं मला गाता येत नाही.

तिसरं वाक्य, ‘गोऱ्याने गायल्याशिवाय चालत नसे.’ इथे मजकुराला निम्मे गुण द्यायला हवेत. १९५४-५५ मध्ये काळ्यांचं गाणं गोऱ्यांकडून गाऊन घ्यायचा हा धंदा राजरोस चालला. ‘द कॉर्ड्स’चं ‘श-बूम’ स्वतःच्या बळावर पॉप यादीच्या पहिल्या दहात गेलं होतं, पण पहिला क्रमांक मिळाला तो ‘क्रू-कट्स’च्या धुतल्या-पुसलेल्या नकलेला. लाव्हर्न बेकरचं ‘ट्विडल डी’ जॉर्जिया गिब्सने जवळजवळ जसंच्या तसं गायलं आणि बेकरला बरंच मागे टाकलं. बेकरबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी डेट्रॉइटचे काँग्रेस सदस्य चार्ल्स डिग्ज यांना लिहिलं की गाण्याच्या बांधणीलाही कायद्याचं संरक्षण हवं. कायदा बदलला नाही. फॅट्स डॉमिनोचं ‘एंट दॅट अ शेम’ रिदम अँड ब्लूज यादीत अकरा आठवडे पहिलं, पण पॉप यादीत पहिला आला पॅट बून.

पण हे फार टिकलं नाही. त्याच १९५५ मध्ये चक बेरीचं ‘मेबेलीन’ पॉप यादीत पाचवं आलं. पुढच्या वर्षी बूनने लिटल रिचर्डचं ‘लाँग टॉल सॅली’ गायलं तेव्हा बून आठवा आणि लिटल रिचर्ड सहावा. पोरांना अस्सल आणि नक्कल यातला फरक कळायला लागला होता. बूनच्या तोंडी ते गाणं एकदा ऐकाच. आजोबांनी घाईघाईत आरती उरकावी तसं वाटतं.

शिवाय वाहतूक एकाच दिशेने नव्हती. १९५३ मध्ये ‘ओरिओल्स’ या कृष्णवर्णीय चमूने गाजवलेलं ‘क्राइंग इन द चॅपल’ मुळात गोऱ्या कंट्री गायकाचं. ‘मेबेलीन’चा सांगाडा ‘आयडा रेड’ या जुन्या ग्रामीण गाण्याचा. सिनसिनाटीच्या ‘किंग’ कंपनीत तर मालकच गोऱ्यांची गाणी काळ्यांकडून आणि काळ्यांची गोऱ्यांकडून गाऊन घेत असे, वायनोनी हॅरिसचं ‘ब्लडशॉट आइज’ असंच आलं.

‘नकलांमुळेच ते कंगाल राहिले’ हे चौथं वाक्य. माझा खरा राग या वाक्यावर आहे, कारण इथे खरे हात सुटून जातात.

१९०९ च्या अमेरिकी कायद्यानुसार एकदा छापलेलं गाणं कुणीही पुन्हा गाऊ शकत असे. दर प्रतीमागे फार तर दोन सेंट द्यायचे, तेही प्रकाशक आणि गीतकाराला. मूळ गायकाला शून्य. रेडिओवर तबकडी वाजली तरी गायकाला शून्य. ध्वनिमुद्रणालाच केंद्रीय कायद्याचं संरक्षण मिळालं ते १९७२ साली. म्हणजे बिग मामांना एल्विसच्या विक्रीतून काही मिळालं नाही ते कायद्याप्रमाणेच. गायक गोरा असता तरी हेच झालं असतं. पण त्यांच्या स्वतःच्या, सात आठवडे पहिल्या असलेल्या तबकडीचं काय? त्या सांगत, एकच धनादेश मिळाला, ५०० डॉलरचा. तो देणारी ‘पीकॉक’ कंपनी ह्यूस्टनच्या डॉन रोबीची, आणि रोबी स्वतः कृष्णवर्णीय. हा गृहस्थ दुसऱ्यांची गाणी विकत घेऊन गीतकार म्हणून ‘डेड्रिक मॅलोन’ हे स्वतःचं टोपणनाव लावायचा. लीबर-स्टोलरही पुढे सांगत की त्याने दिलेला धनादेश वटलाच नाही. इथे वर्णापेक्षा गल्ला मोठा होता.

‘मेबेलीन’ चक बेरीने लिहिलं, पण गीतकारांत दोन नावं जादा: रस फ्रॅटो आणि तोच क्लीव्हलंडवाला ॲलन फ्रीड. फ्रीडचं नाव आलं ते रेडिओवर गाणं वाजवणाऱ्याला वाटा द्यायच्या रीतीने. ती नावं काढून टाकायला १९८६ उजाडलं. आर्थर क्रुडपचं ‘दॅट्स ऑल राइट’ एल्विसने जुलै १९५४ मध्ये गायलं. तबकडीवर नाव क्रुडपचंच, पण पैसा प्रकाशकांच्या साखळीत कुठेतरी अडकला आणि क्रुडप शेतमजुरी करत राहिले. ‘ॲटलांटिक’ कंपनीला ‘रूथने बांधलेलं घर’ म्हणत. ती रूथ ब्राउन साठच्या दशकात लोकांकडे घरकाम करत होती, शाळेची बस चालवत होती. तिची गाणी कुणी पळवली म्हणून नव्हे, तर कंपनीच्या वहीत ती कायम देणेकरी दिसायची म्हणून. स्टुडिओचा खर्च, वादकांचे पैसे, सगळं तिच्याच खात्यावर. तिने वकील गाठला, वर्षानुवर्षं भांडली, आणि त्या लढ्यातून १९८८ मध्ये जुन्या कलाकारांसाठी ‘रिदम अँड ब्लूज फाउंडेशन’ उभं राहिलं.

मोटाउनचं वाक्य दोन परिच्छेदांत मिटेल. बेरी गॉर्डीने घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन डेट्रॉइटमध्ये कंपनी काढली ती जानेवारी १९५९ मध्ये. रे चार्ल्सने ‘आय गॉट अ वूमन’ मुद्रित केलं नोव्हेंबर १९५४ मध्ये, अटलांटात. चर्चमधल्या गाण्याचा साचा घेऊन त्यात प्रेयसी बसवली; सोल म्हणतात ते हेच. अभंगाच्या चालीवर कुणी शृंगारिक लावणी बांधावी आणि देवळाच्या पायरीवर बसून म्हणावी, तसला प्रकार. लोक चिडलेही आणि १९५५ मध्ये ते पहिल्या क्रमांकावरही गेलं. १९५६ मध्ये जेम्स ब्राउनचं ‘प्लीज, प्लीज, प्लीज’ आलं. सॅम कुक चर्चमधून बाहेर पडला आणि १९५७ मध्ये ‘यू सेंड मी’ने पॉप आणि रिदम अँड ब्लूज दोन्ही याद्यांत पहिला झाला. मोटाउनचं दार तोवर उघडलंही नव्हतं.

त्यानंतर काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. नोव्हेंबर १९६३ च्या अखेरीपासून जानेवारी १९६५ पर्यंत बिलबोर्डने रिदम अँड ब्लूजची यादी छापलीच नाही. ती पॉप यादीसारखीच दिसायला लागली होती.

आणि हा मजकूर पुढे ढकलण्याआधी १९५३ ची ती पीकॉकची तबकडी एकदा ऐका, तीन मिनिटंही लागत नाहीत. पीट लुइसची गिटार ऐका. आणि मध्येच बंद करू नका, कारण शेवटी सगळे वादक मिळून चक्क भुंकतात.