‘आधीच चाचणी करायची’ म्हणणाऱ्या निनावी वाचकास उत्तर

निनावी महोदय (की महोदया? नाव लिहिलं असतंत तर हा घोळ टळला असता),

बेरिलियम या धातूच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजारावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "घरबसल्या गुगल करून लिहिलेला रडका लेख. ज्यांच्या रक्तातच दोष आहे त्यांना कामावर घेतानाच चाचणी करून बाजूला काढलं असतं, तर हा गोंधळ झालाच नसता. शिवाय सगळी उदाहरणं अमेरिकेची, आणि शीर्षक भडक."

शीर्षक भडक होतं, मान्य. बदलतो.

पण "घरबसल्या"? मी भोसरीच्या एका टूलरूममध्ये उमेदीची वर्षं घालवली आहेत. मोल्डचे (साच्याचे) बेरिलियम कॉपरचे, म्हणजे तांबं-बेरिलियमच्या मिश्रधातूचे, इन्सर्ट ग्राइंडरवर घासलेत, एमरीने पॉलिश केलेत, तोंडाला फार तर रुमाल बांधून. त्या धातूत बेरिलियम जेमतेम दोन टक्के असतं, पण त्याची धूळ छातीत जाऊ द्यायची नसते हे आम्हाला कोणीही सांगितलं नाही. तेव्हा धूळ म्हणजे काय हे तुम्ही मला शिकवू नये. मतभेद असू द्या, पण "रडका" हा काही मुद्दा नव्हे.

आता तुमच्या त्या चाचणीच्या वाक्याकडे येतो. "रक्तात दोष" म्हणजे नक्की कोणता दोष? एचएलए-डीपीबी१ या जनुकाच्या काही प्रकारांत प्रथिनाच्या ६९व्या जागी ग्लुटामिक आम्ल येतं. हे प्रथिन जंतूंचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर आणून टी-पेशींना (शरीराच्या पहारेकरी पांढऱ्या पेशींना) दाखवतं. ते आपलं रोजचं काम आहे, त्यात दोष कसला? मात्र ६९व्या जागी ते आम्ल असलं की तिथल्या खोबणीत बेरिलियमचा आयन जाऊन बसतो, प्रथिनाचा आकार किंचित बदलतो आणि टी-पेशींना आपलंच प्रथिन परकं वाटू लागतं. मग फुफ्फुसात गाठी धरतात, कधी कधी काम सोडल्यावर कितीतरी वर्षांनी.

१९९३ साली रिकेल्डी या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी हे खुणेचं आम्ल ९७ टक्के रुग्णांत असल्याचं दाखवलं. तुम्ही एवढंच वाचलंत, असं दिसतं. त्याच अभ्यासात, बेरिलियमशी संबंध येऊनही आजारी न पडलेल्यांपैकी ३० टक्के लोकांतही ती खूण होती. म्हणजे शंभर कामगारांच्या कारखान्यात तुम्ही तीसेक जणांना दारातूनच परत पाठवणार, त्यातल्या बहुतेकांना काहीही झालं नसतं. आणि ज्यांना आत घेतलंत त्यांनाही अभय नाही, कारण ही खूण नसलेले रुग्ण नंतरच्या अभ्यासांत आणखी सापडले. रिकेल्डींच्याच १९९७च्या अभ्यासात सर्वाधिक धोका कोणाला दिसला? खूण असलेल्या *आणि* मशिनिंग (यंत्रावर धातू कापण्याचं काम) करणाऱ्या कामगारांना. खूण एकटी काही करत नाही. धूळ लागते.

ओहायोतल्या लोरेन गावात तर १९४०च्या दशकात बेरिलियमच्या कारखान्यात पाऊल न टाकलेले शेजारीपाजारी आजारी पडले. त्यांची भरतीच्या वेळी कुठे चाचणी करणार होतात? घर भाड्याने घेताना?

उपाय होता, तो हवेतली धूळ कमी करण्याचा होता. १९४९ साली अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने हवेतल्या बेरिलियमवर घनमीटरला २ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली (दोन तज्ज्ञांनी टॅक्सीत बसून ठरवलेला आकडा, अशी त्याची ख्याती आहे). कारखान्यांसाठी ती ०.२ वर यायला २०१७ उजाडलं. मधल्या काळात "बेरिलियमला कोण संवेदनशील झालंय" हे सांगणारी लिम्फोसाइटची (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) रक्तचाचणी आली. तुम्हाला चाचणी हवीच असेल तर ती मागा. ती कामगाराला वेळेत डॉक्टरकडे पाठवते, नोकरीवरून घरी नव्हे. आणि जनुक बघून नोकरी नाकारायला अमेरिकेत २००८च्या कायद्यानेच मनाई आहे.

राहिला "उदाहरणं अमेरिकेची" हा आक्षेप. आजाराची नोंद जिथे नीट ठेवली गेली, उदाहरणं तिथलीच मिळणार. त्यावर जास्त लिहीत नाही.

तीस टक्के माणसांना बाजूला काढण्याचा तुमचा हिशेब जुळत असेल तर तो मांडून दाखवा. पुढच्या वेळी नाव लिहिलंत तर उत्तर देईन, नाहीतर प्रतिक्रिया प्रसिद्ध होणार नाही.