खून झाला तरी नळ चालूच

सिनेमा कळणारा माणूस व्हायचं मी चाळिशीनंतर ठरवलं. लातुरात हे ठरवणं सोपं, निभावणं अवघड. मोबाइलवर बघायला डोळे साथ देत नाहीत आणि घरात टीव्ही एकच. तो बैठकीत, आणि बैठकीत आई. तिला सिनेमाची भाषा कुठलीही चालते, कारण ती ऐकतच नाही. ती पाणी बघते. पडद्यावर कुठं पाणी दिसलं की तिचा चष्मा नाकावर चढतो.

तिला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. 2016 च्या मार्चमध्ये आमच्या शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ घोळका होऊ नये म्हणून 144 कलम लावलं होतं आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. जिनं जमावबंदीत घागरी भरल्यात, तिच्यापुढं छायाप्रकाशाबद्दल काय बोलणार? आमच्या गल्लीत अजूनही नळ आठवड्यातून एकदा येतो, आणि कधी येईल ते खुद्द नळालाही माहीत नसतं.

परवा 'ड्यून' लावला, 2021 चा. सगळा ग्रह वाळूचा. अंगातला घाम गाळून पुन्हा पिता येईल असले सूट घालून माणसं हिंडतात. एक टोळीप्रमुख येतो आणि भर बैठकीत टेबलावर थुंकतो. मग उलगडा होतो की तिकडं थुंकणं म्हणजे मान देणं, आपल्या अंगातलं पाणी समोरच्याला वाहिलं. मी मोठ्या हौसेनं हे आईला समजावलं.

"मग आपला बसस्टँड लै मानपानाचा म्हणायचा," आई म्हणाली.

पुढं वाड्यापाशी खजुराची वीस झाडं आहेत. माळी सांगतो, एकेक झाड रोज पाच माणसांचं पाणी पितं. आई ताठ बसली. "अन् ऊस किती पितो? इचार की तुझ्या अण्णाला."

अण्णांचा औशाच्या शिवारात दोन एकर ऊस आहे. अण्णांनी पेपर तोंडापुढं धरला. पेपर कालचा होता.

'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'च्या वेळी शेजारच्या काकूही येऊन बसल्या. त्यात कड्यावरून एक मुखवटेवाला पाणी सोडतो, खाली सगळं गाव भांडी घेऊन पळतं, आणि घागर भरायच्या आत तो पाणी बंद करून वर उपदेश करतो की पाण्याचं व्यसन लावून घेऊ नका.

"टँकरवाला हाय," आई.

"टँकरवाला भाषण करतो व्हय? नगरसेवक असंल," काकू.

हा वाद पुढचे दोन तास चालला. पडद्यावर तेवढ्या वेळात शंभर गाड्या एकमेकींवर आदळल्या, त्यांच्याकडं दोघींनी एकदाच बघितलं, तेही एवढं पेट्रोल कुठून आणतात म्हणून.

माहितीपटाला तरी शांतता मिळेल म्हणून 'माय ऑक्टोपस टीचर' लावला. 2021 ला ऑस्कर मिळालेला. क्रेग फॉस्टर नावाचा माणूस दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात रोज बुडी मारतो आणि एका ऑक्टोपसशी जवळजवळ वर्षभर सोयरीक जोडतो. "ह्याला घरी काम न्हाई का?" आईनं विचारलं. बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी टीव्हीकडं बघितलं. पण शार्कनं तोडलेला ऑक्टोपसचा हात पुन्हा फुटायला लागला तशी आई पुढं सरकली. शेवटी तो मादी ऑक्टोपस अंडी घालून मरतो, तेव्हा तिनं पदर डोळ्याला लावला. जरा वेळानं म्हणाली, "एवढं पाणी, अन् सगळं खारं."

आणि मग मला 'सायको' लावायची दुर्बुद्धी झाली. हिचकॉकचा, 1960 चा. न्हाणीघरातल्या खुनाच्या त्या प्रसंगाबद्दल मी वाचून तयार होतो: पडद्यावर पाऊण मिनिट, शूटिंगला सात दिवस, रक्ताच्या जागी चॉकलेटचं सिरप. सिरपपर्यंत पोचलोच नाही.

"सात दिवस?" आई म्हणाली. "आपल्याकडं सात दिसाला एकदा नळ येतो, अन् ह्यांनी सात दिवस एकाच बाईवर पाणी सोडलं?"

खून झाला. बाई खाली कोसळली. कॅमेरा मोरीच्या भोकात गेला, तिथून बाईच्या उघड्या डोळ्यात आला. जगभरच्या अभ्यासकांनी यावर पानंच्या पानं लिहिलीत. आमच्या बैठकीत मात्र आई कळवळून ओरडत होती, "आगं माय, नळ! नळ चालूच हाय की! कोणीतरी बंद करा गं!"

तेवढ्यात लॉजचा मालक नॉर्मन धावत आला. त्यानं शॉवर बंद केला. पोछा-बादली आणून सगळी मोरी लख्ख पुसली. आईचा जीव खाली पडला. "किती वळणाचं लेकरू हाय बग! नायतर तू. आंघोळ झाली की मोरीत तळं."

ज्यांनी 'सायको' बघितलेला नाही त्यांनी पुढचं वाक्य सोडून द्यावं. खून त्याच लेकरानं केलाय, आणि दहा वर्षांपूर्वी मेलेल्या आईचा देह त्यानं घरात जपून ठेवलाय.

हे आईला कळायची घटका आलीच होती. तळघरात खुर्चीत पाठमोरी म्हातारी बसलेली, मेलेल्या बाईच्या बहिणीनं तिच्या खांद्याला हात लावला, आता खुर्ची वळणार, आणि गल्लीतून काकूंची आरोळी आली, "नळ आलेऽऽ!"

बैठक क्षणात रिकामी. अण्णा टिल्लू मोटरकडं, बायको हंड्यांकडं, मी टिपाडात पाइप धरून. पहिली पाच मिनिटं गढूळ येतं. आई तेही बादलीत धरते, तुळशीला आणि कढीपत्त्याला. रात्री दीडपर्यंत वाट्या-पातेल्यांसकट घरात भरायचं काही उरलं नाही. उरलेला सिनेमा मी ओल्या लुंगीत एकट्यानं बघितला.

सकाळी चहा देताना आईनं विचारलं, "त्या लेकराचं काय झालं रं शेवटी?"

कालच्या धावपळीनं तिचा गुडघा सुजला होता. मी म्हणालो, "चांगलं चाललंय. आईला सोडून कुठं जात न्हाई."

"बग," आई म्हणाली, आणि बशीतला चहा फुंकत बायकोकडं एकदा नीट बघून घेतलं.