नोंदींचं बिऱ्हाड

टिपणांचं नवं ॲप घेताना लोक त्याचे रंग बघतात, रात्रीच्या काळ्या पडद्याची सोय बघतात. मी आधी बाहेर पडायचा दरवाजा शोधतो. भाच्याला हे अपशकुनी वाटतं. तो हिंजवडीत कामाला आहे आणि दर दिवाळीला फराळाला येताना एक नवं ॲप घेऊन येतो. "मामा, अजून पासवर्डसुद्धा टाकला नाहीस आणि निघायचं कसं विचारतोस?"

विचारणारच. गूगल नोटबुक 2006 ला आलं, 2012 ला गेलं. स्प्रिंगपॅड 2014 ला गेलं, वंडरलिस्ट 2020 ला. सगळी तरणीताठी गेली. जाताना निरोपाचं पत्र मात्र लग्नपत्रिकेच्या भाषेत येतं आणि तळाशी बारीक अक्षरात, सामान अमुक तारखेच्या आत हलवा.

सामान हलवणं म्हणजे काय, ते एका ॲपने मला शिकवलं. नोंदी सगळ्या दिल्या त्यांनी, तक्रार नाही. पण प्रत्येक फाइलच्या नावाला आकडे आणि अक्षरांचं लांबलचक शेपूट. फोटो एकीकडे, मजकूर दुसरीकडे. आईच्या लोणच्याचं प्रमाण सापडलं, तर त्याखाली गीझरच्या वॉरंटीचा फोटो. दुसऱ्या एका ॲपने सगळ्याची मिळून एकच पीडीएफ दिली. बघा, पण हात लावू नका.

त्यातून आपण मराठी, म्हणजे दुप्पट हौस. सासऱ्यांनी संगणक शिकून घराण्याची वंशावळ टाइप केली होती. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक. त्याची पहिली आवृत्ती 1991 ची, पण ते आमच्या गल्लीतल्या डीटीपीवाल्यापर्यंत पोचायला बरीच वर्षं लागली. तोवरची युक्ती अशी, की फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असायची, फक्त फाँट त्यांना मराठी मुखवटा चढवायचा. तो फाँट जुन्या संगणकाबरोबर भंगारात गेला. आता मूळ पुरुषाच्या जागी एक डॉलर, दोन कंस आणि डोक्यावर टोपी घातलेला इंग्रजी ए आहे. रूपांतर करून देणारी साधनं मिळतात, पण ती रफाराशी अडखळतात. त्यामुळे पणजोबा धर्माजी परत आले ते 'धमार्जी' होऊन.

"म्हणून कागदच बरा," ही म्हणते. तिचा दुधाचा हिशेब कालनिर्णयवर असतो आणि जानेवारीत हिशेबासकट रद्दीत जातो. कागद टिकतो, हे मला मान्य आहे. आमच्या जमिनीचा एक मोडीतला कागद पिढ्यान्‌पिढ्या टिकलाय. तो वाचणारं मात्र घरात कुणी टिकलं नाही.

तेव्हा मी साध्या मजकुराच्या फाइलींवर आलो. युनिकोड मराठी, जोडीला मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुरातच सजावटीच्या खुणा टाकायची पद्धत. ते 2004 चं आहे आणि त्यात शब्द ठळक करायचा तर दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे टाकायचे, की झालं. वर ऑब्सिडियन नावाचं टिपणांचं ॲप, कारण ते या फाइली आपल्याच संगणकावरच्या फोल्डरमध्ये ठेवतं. उद्या त्यानेही निरोपाचं पत्र धाडलं, तरी फाइली नोटपॅडमध्ये उघडतील. तारे दिसतील तेवढे, दिसू देत.

भाच्याला हे फारच अळणी वाटलं. त्याने नोंदींचा नकाशा उघडून दाखवला, ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. आमच्या नकाशात लोणच्यापासून एक रेघ रक्तदाबाकडे गेली होती आणि तिथून विम्याच्या पॉलिसीकडे. इतकं बिनचूक निदान आमच्या डॉक्टरांनीही कधी केलं नव्हतं.

परवा हिने विचारलं, "अहो, टाकी धुणाऱ्याचा नंबर आहे का हो तुमच्या त्या ह्याच्यात?" मी 'टाकी' टाइप केलं. क्षणात फाइल हजर, जुनी असूनही एक काना-मात्रा हललेली नाही. रुबाबात नंबर लावला.

फोन साताऱ्याच्या कुणा बाईंनी उचलला. त्यांना हा नंबर नुकताच मिळाला होता आणि टाकी धुणारा त्यांनाही हवाच होता.