बाई गं, हात बघ तुझे!

डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा वजनदार बार उचलायचा व्यायाम, करते म्हटलं की काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला: "अगं, पुरुषासारखी दिसायला लागशील ना!" जसं काही मी बार उचलला की दुसऱ्या दिवशी मिशाच फुटणार आहेत. अहो, वर्षानुवर्षं जिममध्ये घाम गाळणाऱ्या पुरुषांनाही दंड फुगवताना नाकी नऊ येतात. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं हार्मोन, त्यांच्यापेक्षा कितीतरी कमी असतं. माझे कुठून फुगणार?

मग येतं गर्भाशय. "खाली सरकेल हो!" भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास असतो, तो स्वयंपाकघरात सरकवताना कुणी गर्भाशयाची चौकशी केली नाही. उसाच्या फडात बायका डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढतात, तेव्हा ही काळजी नेमकी कुठे जाते? बाईनं ओझं उचललेलं चालतं, फक्त हौसेनं उचललेलं चालत नाही.

जिममधले दादा तर वेगळंच प्रकरण. न विचारता येऊन माझ्या बारवरच्या प्लेटा काढतात! "मॅडम, तुम्ही ट्रेडमिल करा ना."

२००० साली सिडनीत कर्णम मल्लेश्वरीनं पदक आणलं, भारतीय बाईचं पहिलं ऑलिंपिक पदक, आणि तेही वेटलिफ्टिंगमधलं. ४९ किलो गटातल्या मीराबाई चानूनं टोकियोत ११५ किलो डोक्यावर नेले. तेव्हा याच काकूंनी स्टेटस ठेवलं होतं, तिरंग्यासकट.

आणि हो, "लग्नाचं काय?" तो मुलगा किती उचलतो, ते आधी विचारा.