उडवायचं कशाला? पाडायचं आहे!

समारंभात पाकळ्या किंवा रंगीत कागद उडवायची जी हातातली नळकांडी मिळतात, त्यांच्या वेष्टनावरचा मजकूर एकदा नीट वाचा. ‘आठ मीटर उंच’, ‘जोरदार बार’, ‘एका पिळात धमाका’. खाली यायला माल किती वेळ घेतो, हे मात्र कुठेही छापलेलं नसतं. आणि बघणाऱ्याची सगळी मजा तर तिथेच असते. नळकांड्यातून झोत बाहेर पडतो ते क्षणात संपतं. त्या क्षणी अर्धे लोक दचकून डोळे मिटतात आणि उरलेले आवाज कुठून आला ते बघायला मान वळवतात. त्यानंतर जे भिरभिरत, रेंगाळत, कुणाच्या खांद्यावर तर कुणाच्या केसांत उतरतं, त्यासाठी हा सगळा खटाटोप. आपण पैसे मोजतो उडण्याचे आणि बघतो पडणं. हे उपकरणच चुकीच्या टोकाकडून विचार करून बनवलंय, असं माझं ठाम मत आहे. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी हलक्या वस्तूचा स्वभाव बघू. सुटी पाकळी किंवा कागदाचा सुटा कपटा जीव खाऊन फेकून बघा, फार तर हातभर जाईल. वजन काहीच नाही आणि पसारा मोठा, त्यामुळे हवा त्याला लगेच अडवते. मग नळकांड्यातून तोच कपटा आठ मीटर कसा जातो? तर तो एकटा जात नाही. नळीत ठासलेला माल गठ्ठ्यानेच बाहेर पडतो, गठ्ठ्याला वजन असतं, तो हवा कापत वर जातो आणि वाटेत फुटतो. सगळी करामत या फुटण्यात आहे. माल सैल भरला तर तो तोंडाशीच पसरतो. घट्ट भरला किंवा त्याला ओल लागली तर गठ्ठा फुटतच नाही, ढेकूळ वर जातं आणि ढेकूळच कुणाच्या तरी डोक्यावर येतं. दमट जागी पडून राहिलेल्या नळकांड्यांचं बहुतेक वेळा हेच होतं. दोष मग उडवणाऱ्याच्या माथी.

आता पडण्याचं गणित. कागद जितका पातळ तितका सावकाश येतो हे कुणीही सांगेल, पण किती सावकाश? पडणारा कपटा थोड्याच वेळात एका ठरावीक वेगावर स्थिरावतो, आणि तो वेग ढोबळमानाने वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. म्हणजे त्याच आकाराच्या कागदाचं वजन चौपट केलं तर वेग दुप्पट. चौरस मीटरला १७-१८ ग्रॅम भरणारा टिश्यू कागद सेकंदाला साधारण अर्धा मीटर या गतीने उतरतो. छपाईचा नेहमीचा ८० ग्रॅमचा कागद त्याच्या दुपटीहून थोडा जास्त वेगाने येतो. चार मीटर उंचीवरून सोडला तर टिश्यूला सात-आठ सेकंद, जाड कागदाला तीन-चार. एवढ्याशा फरकाने समारंभाचा नूर बदलतो. घरी रद्दी पंच करून भरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. हौस चांगली, पण माल लवकर खाली येतो.

आकाराचाही हात असतो. गोल टिकली डगमगत, हेलकावे खात येते, आणि लांबट आयताकृती पट्टी स्वतःच्या लांबीभोवती गरगर फिरत, तिरकी सरकत उतरते. हे फिरणं इतकं नियमित असतं की जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८५४ साली त्यावर एक छोटा निबंध छापला होता. हो, तेच विद्युतचुंबकीय समीकरणांचे मॅक्सवेल! तेव्हा ते जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचे होते. एवढ्या बुद्धीच्या माणसाला कागदाचा कपटा पडताना बघण्यात वेळ घालवावासा वाटला, हे मला फार आवडतं. व्यावसायिक कार्यक्रमांत गोल टिकल्यांपेक्षा बोटभर लांब पट्ट्याच जास्त दिसतात, त्याचं कारण हेच. फिरताना दोन्ही बाजू प्रकाशात आलटून पालटून चमकतात, त्यामुळे मूठभर माल पोतंभर वाटतो.

उपकरणाच्या आत काय असतं तेही सांगून टाकते, कारण पुष्कळांना वाटतं की सगळ्यांतच दारू भरलेली असते. तसं नाही. दोरी ओढायचा जो चिमुकला पॉपर असतो, फक्त त्यात खरोखर स्फोटक असतं. तांबडा फॉस्फरस आणि पोटॅशियम क्लोरेट यांचं घर्षणाने पेटणारं मिश्रण, तेही अगदी कणभर. अमेरिकेच्या नियमात त्याची कमाल मर्यादा पाव ग्रेन, म्हणजे सुमारे १६ मिलिग्रॅम आहे. युरोपात हा पॉपर फटाक्यांच्या सर्वांत सौम्य वर्गात मोडतो, आणि तरीही १२ वर्षांखालच्या मुलांना तो विकता येत नाही. पिळून उडवायच्या मोठ्या पुठ्ठ्याच्या नळीत तळाशी दाबलेल्या हवेची किंवा वायूची लहानशी कुपी असते. बूड पिळलं की कुपीचं तोंड उघडतं आणि वायू माल ढकलत बाहेर येतो. तिसरा प्रकार स्प्रिंगचा, त्याचा आवाज कमी आणि झेपही कमी. चौथा पिस्तुलासारखा, पुन्हा पुन्हा वापरता येणारा, कार्बन डायऑक्साइडच्या बदलत्या कुप्यांवर चालणारा. आणि पाचवा बॅटरीच्या पंख्याचा, वरून माल टाकायचा आणि पुढून फवारा.

कार्बन डायऑक्साइडच्या कुपीबद्दल एक गोष्ट माहीत हवीच. तिच्यात द्रवरूप वायू असतो, आणि खोलीच्या तापमानाला, म्हणजे २० अंशांना, आतला दाब वातावरणाच्या पन्नास पटींहून जास्त असतो. ३१ अंशांच्या वर तो द्रव द्रव म्हणून राहू शकत नाही आणि भरलेल्या कुपीतला दाब भराभर चढतो. कार्यक्रमाचं सामान बंद गाडीत उन्हात ठेवून जेवायला जाणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून जाऊ नका.

आणि तोंड. नळकांड्याचं तोंड कुणाच्याही तोंडाकडे नको. कागद मऊ असला तरी जवळून सुटलेला गठ्ठा मऊ नसतो, आणि डोळा डोळाच असतो. माणसांच्या डोक्यांवरून, तिरकं वर धरायचं, वारा पाठीशी घ्यायचा. फोटो काढणाऱ्याला आधी सांगून ठेवायचं की बार झाल्या झाल्या क्लिक करू नको, दोन सेकंद थांब. पहिल्या क्षणाच्या फोटोत चेहऱ्यांपुढे रंगीत धूर असल्यासारखं दिसतं आणि चेहरे भेदरलेले असतात. नंतरच्या फोटोत तीच माणसं वर बघून हसत असतात. बघा, इथेही पडणंच जिंकतं.

आता पाकळ्यांकडे येते, कारण माझा खरा राग तिथे आहे. ताज्या पाकळ्या दाबाच्या नळकांड्यात भरणं म्हणजे फुलाचा छळ. ताज्या पाकळीत बहुतांश पाणीच असतं. ती टिश्यूच्या पट्टीपेक्षा कितीतरी जड असते आणि ओलसर असल्यामुळे शेजारणीला चिकटते. नळीत ठासली की चुरगळते, आणि वायूचा दट्ट्या बसला की फाटते. फाटलेल्या कडेला आतली रसायनं हवेशी मिळतात आणि ती कडा तपकिरी पडू लागते. कापलेलं सफरचंद काळवंडतं त्यातलाच प्रकार. वर जाताना गुलाबी, खाली येईस्तोवर लगदा. त्या लगद्यावर पाय पडला की फरशी निसरडी होते आणि हलक्या रंगाच्या कपड्यांवर डाग बसतात.

वाळवलेल्या पाकळ्यांचं दुखणं उलट. वजनाला अगदी योग्य, पण ठिसूळ. जोराचा दाब दिला की भुगा. त्यातल्या त्यात बऱ्या म्हणजे गोठवून सुकवलेल्या. पाकळी गोठवायची आणि निर्वात कक्षात बर्फाची थेट वाफ होऊ द्यायची. पाणी द्रवरूपातून न जाता निघून जात असल्यामुळे पाकळी आक्रसत नाही, आकार राहतो, रंगही बराचसा राहतो. मात्र अशी पाकळी हवेतली ओल लगेच पिते आणि लोळागोळा होते, म्हणून पाकीट अगदी शेवटच्या क्षणी फोडायचं. आणि इतकी नजाकतीने सुकवलेली वस्तू पन्नासपट दाबाच्या तोफेत घालायची? त्यासाठी स्प्रिंग किंवा पंख्याचं यंत्रच बरं. खरं म्हणजे तेही नको. त्याकडे येतेच.

कागद या खेळात आला कसा, ती गोष्ट मजेदार आहे. इटलीच्या कार्निव्हलांमध्ये पूर्वी लोक एकमेकांवर साखरेत घोळलेले दाणे आणि स्वस्तातला पर्याय म्हणून खडूच्या किंवा मातीच्या गोळ्या फेकायचे. साहजिकच लागायचं. मिलानच्या परिसरात रेशीमकिडे पाळणारे भोकं पाडलेले कागद वापरत. ती भोकं पाडताना निघालेल्या टिकल्या नुसता कचरा. १८७५ च्या सुमारास एन्रिको मांजिली नावाच्या उद्योजकाने तोच कचरा कार्निव्हलमध्ये फेकायला विकायला काढला. स्वस्त, रंगवता येणारा आणि मुख्य म्हणजे न लागणारा. लागणाऱ्या गोळ्या जाऊन तरंगणारा कागद आला, ही माणसाने केलेली सुधारणा. आणि दीडशे वर्षांनी आपण त्याच कागदामागे दाबलेला वायू लावून वर कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापतो, ‘चेहऱ्यावर रोखू नये’. धन्य आहे.

चमकीच्या प्लॅस्टिक पट्ट्यांवर मी थोडक्यातच बोलणार आहे, कारण बोलायला लागले तर थांबणार नाही. त्या दिसतात धातूच्या, पण असतं पॉलिएस्टरचं पातळ पटल, त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा. कुजत नाहीत, झाडल्या तरी निघत नाहीत, आणि त्या मुलाम्यातून वीज वाहू शकते, म्हणून उघड्या तारांच्या जवळपास त्या उडवणं हा शुद्ध वेडेपणा. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून पाच मिलिमीटरहून लहान प्लॅस्टिक कणांवर निर्बंध आणायला सुरुवात केली, त्यात सुटी प्लॅस्टिक चमकी आधी अडकली. मोठ्या पट्ट्या मात्र त्या मापात बसत नाहीत आणि सुखेनैव उडत राहतात.

रंगीत भुकटी उडवणारी नळकांडी तर पूर्णच वेगळं प्रकरण. कागदाचा कपटा आणि हवेत पसरलेली बारीक भुकटी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पिठासारखी कोणतीही जळणारी भुकटी हवेत दाट पसरली आणि तिला ठिणगी किंवा तापलेला दिवा मिळाला तर ती भडकते. तैवानमधल्या एका वॉटर पार्कमध्ये २७ जून २०१५ च्या रात्री मंचावरून प्रेक्षकांवर मक्याच्या पिठाची रंगीत भुकटी उडवली जात होती. ती पेटली. १५ माणसं गेली, सुमारे पाचशे भाजली. बंदिस्त जागेत किंवा गरम दिव्यांजवळ भुकटीचं नळकांडं कुणी आणलं तर मी सरळ बाहेर निघून जाते, मग यजमानाला राग आला तरी चालेल.

मग करायचं काय? थोडं नाटकवाल्यांकडे बघा. रंगमंचावर बर्फ पाडायची जुनी युक्ती अशी: दोन आडव्या दांड्यांमध्ये झोळीसारखं कापड, कापडाला चिरा, आत कागदाचे कपटे. एक दांडी दोरीने हळूहळू हलवायची. कपटे चिरांतून एकेक करून गळत राहतात. जपानच्या काबुकी रंगभूमीवर हेच काम वर टांगलेल्या टोपल्या करतात. दाब नाही, बार नाही, कुपी नाही. माल कमी लागतो आणि बर्फ पाच-पाच मिनिटं पडत राहतो. पिळायच्या नळकांड्याचं सगळं आयुष्य दहा सेकंदांचं, आणि नंतर हातात उरतो पुठ्ठा, प्लॅस्टिक आणि रिकामी कुपी. आतल्या कागदापेक्षा हा पसाराच जड.

आणि तंत्रज्ञानाची फारच हौस असेल त्यांनी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरकडे बघावं. नववर्षाच्या रात्री तिथे जो रंगीत कागद पडतो, त्याचं वजन सुमारे ३,००० पौंड, म्हणजे तेराशे किलोंच्या वर. १९९२ पासून ही प्रथा चालू आहे आणि तो कागद आजूबाजूच्या इमारतींच्या गच्च्यांवरून स्वयंसेवक हातांनी टाकतात. खोक्यात हात घालायचा, ओंजळ भरायची, सोडून द्यायची. उंची इमारतीने दिलेली आहे, बाकी काम हवेचं.

म्हणून माझं म्हणणं असं की हातातलं उपकरण हवंच असेल तर ते तोफेसारखं नको, चाळणीसारखं हवं. एक लांब, हलकी काठी. टोकाला जाळीचा पिंप. मुठीपाशी छोटा दांडा, तो फिरवला की पिंप संथपणे फिरतो आणि भोकांतून पाकळ्या गळतात. भोकांचं माप बदलता आलं पाहिजे, कारण सुकी पाकळी आणि टिश्यूची पट्टी यांना एकच माप चालणार नाही. काठी अडीच-तीन मीटर लांब झाली तर तोल सांभाळायला दोन हात लागतील, मग दांडा कोण फिरवणार हा प्रश्न उरतोच. दोरी वापरावी का? की पिंपाला झटका देणारा लहानसा कंप पुरेल? आतल्या पाकळ्या एकमेकींत अडकून भोक बुजलं तर काय, हेही सुटलेलं नाही. कुणी असं काही बनवलं असेल किंवा बनवण्याच्या खटपटीत असेल, तर खाली लिहा. भोकांचं माप आणि काठीसाठी काय वापरलंत, एवढं तरी नक्की सांगा.